सुट्टी झाल्यानंतरचे महिने

नांदेडजवळ विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथं येणारे रुग्ण एकट्या नांदेड जिल्ह्यातले नसतात. किनवट-माहूरच्या डोंगरातून, हिंगोलीकडून, पुसद-उमरखेडहून, शिवाय सीमेपलीकडच्या निर्मल-आदिलाबादहून माणसं येतात, आणि एकाच वॉर्डात मराठी, दखनी आणि तेलुगू कानावर पडते. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 साली सुरू केलेलं विवेकानंद रुग्णालयही तिथंच आहे. कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या सर्जरी वॉर्डात उभं राहिलं की एक हाक सारखी ऐकू येते, ‘पेशंटसोबत कोण आहे?’ औषध आणायचं असतं, रक्ताची बाटली न्यायची असते, एक्स-रेसाठी गाडी ढकलायची असते, कागदावर सही करायची असते. हाक आली की खाटेखाली सतरंजी टाकून बसलेलं कुणीतरी पदर सावरत उठतं. हा लेख त्या उठणाऱ्या माणसाबद्दल आहे.

पाय किंवा हात गमावलेल्या माणसाची गोष्ट आपण सांगतो ती बहुधा जिद्दीची असते. सुधा चंद्रन यांची गोष्ट महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांना पाठ आहे. 1981 मध्ये बसचा अपघात झाला, जखमेत गँगरीन होऊन पाय कापावा लागला, जयपूर फूट बसवला, 1984 मध्ये त्या पुन्हा रंगमंचावर नाचल्या आणि पुढच्याच वर्षी ‘मयूरी’ हा चित्रपट आला. गोष्ट खरी आहे आणि मोठीच आहे. पण अपघात आणि रंगमंच यांच्यामध्ये जो काळ जातो, त्यात घरातलं माणूस रोज सकाळी काय करत असतं, हे अशा गोष्टींत येत नाही. माझं म्हणणं असं, की नवा पाय अंगाला लागेल की खुंटीला टांगला जाईल, हे बरंचसं त्या मधल्या महिन्यांतच ठरतं. आणि ते महिने जिच्या हातात असतात, तिला कुणी काहीच शिकवलेलं नसतं.

उशीचंच उदाहरण घ्या. गुडघ्याखाली पाय कापलेला माणूस खाटेवर पडलेला असतो, ठणका लागलेला असतो. बायको किंवा आई काय करते? उरलेल्या पायाखाली मऊ उशी सरकवते. त्याला बरं वाटतं, तिलाही आपण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. दिवसचे दिवस गुडघा असा वाकलेल्या स्थितीत राहिला की मागच्या शिरा आखडतात आणि गुडघा पुरता सरळ होईनासा होतो. मग कितीही चांगला कृत्रिम पाय आणला तरी तो नीट बसत नाही, कारण वाकलेल्या गुडघ्यावर उभं राहता येत नाही. मांडीतून कापलेला असेल तर खुब्याचं हेच होतं. म्हणून अशा रुग्णानं दिवसातून दोन-तीनदा, वीस-तीस मिनिटं पालथं झोपायचं असतं, गुडघा सरळ ठेवायचा असतो, खाटेच्या कडेला पाय लोंबकळत ठेवून बसायचं नसतं. फिजिओथेरपिस्ट हे सांगतातही. पण ज्या घाईत सांगितलं जातं आणि ज्या मनःस्थितीत ते ऐकलं जातं, त्यात किती उरणार? घरी गेल्यावर माणूस म्हणतो, ‘उशी दे’, आणि नाही म्हणायचं काम तिच्यावर येतं. दुखत असलेल्या माणसाला उशी नाकारायची हे सोपं नाही. ते त्याच्या भल्याचं आहे हे तिला पक्कं ठाऊक असेल तरच ती करू शकेल.

दुसरं काम पट्टीचं. कापलेल्या भागाला वॉर्डात सगळे ‘स्टंप’च म्हणतात आणि घरीही तोच शब्द रुळतो. स्टंपवर सूज असते. ती उतरून त्याला टोकाकडे निमुळता आकार यावा म्हणून लवचिक पट्टी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी तिरपी-तिरपी बांधतात, टोकाला घट्ट आणि वर जाताना सैल. दर चार-सहा तासांनी सोडून पुन्हा बांधायची. आपल्याकडे पट्टी म्हटलं की गोल गोल गुंडाळण्याची सवय. तशी गुंडाळली आणि वरचा वेढा आवळला गेला की खालचा भाग फुगतो, रक्त अडतं, आकार बिघडतो आणि पुढं साचा बसत नाही. टाके निघून जखम नीट भरली की रोज संध्याकाळी साबणानं धुणं, कोरडं करणं, कातडी लाल किंवा ओली झाली आहे का ते बघणं, मऊ फडक्यानं चोळून तिची स्पर्शाची भीती घालवणं, हेही आलं. हे सगळं नर्सिंगचं काम आहे. नर्सला त्यासाठी काही वर्षांचं शिक्षण असतं. घरच्या बाईला सुट्टीच्या दिवशी एक कार्ड आणि गोळ्यांची पिशवी मिळते.

मराठवाड्यात पाय जातात कशानं? रस्त्यावरचे अपघात आहेतच. पण वॉर्डात वयस्क माणसं दिसतात ती मुख्यतः शुगरची. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि तो आता शहरापुरता राहिलेला नाही. पायाची संवेदना गेलेली असते, अनवाणी शेतात गेलेल्याला काटा बोचल्याचं कळत नाही, चैत्र-वैशाखात तापलेल्या फरशीवर देवदर्शनाला उभं राहिलेल्याला फोड आल्याचं कळत नाही. जखम चिघळते, गावातच चार ड्रेसिंगं होतात, अंगठा काळा पडतो, आणि मग जिल्ह्याला यावं लागतं. तरुण पुरुषांमध्ये आणखी एक आजार दिसतो. 1908 साली लिओ बर्गर या डॉक्टरनं त्याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून तो त्याच्या नावानं ओळखला जातो. तंबाखूशी त्याचं थेट नातं आहे. विडी सुटली नाही तर आधी बोट, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय असं कापत जावं लागतं. या आजाराला विडी सोडण्याइतका दुसरा इलाज नाही. म्हणजे शेवटी पुन्हा घरात कुणीतरी विडी-काडी लपवणारं, भांडणारं, शिव्या खाणारं माणूस लागतं.

आणि लातूर-नांदेडकडं दरवर्षी सोयाबीनची रास असते. हडंब्यात, म्हणजे मळणी यंत्रात, काड ढकलताना बाही अडकते, हात आत ओढला जातो. रात्रीचं काम, पावसाची धास्ती, मशीन भाड्याचं, म्हणून घाई. धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा केंद्राचा कायदा 1983 पासून आहे आणि तो मळणी यंत्रांसाठीच केलेला आहे. शेताच्या बांधावर त्याची ओळख कुणाला आहे? हात गेलेल्या माणसाची शुश्रूषा पायापेक्षा वेगळी. तो चालू शकतो म्हणून लोकांना वाटतं, याला काय मदत लागणार. पण भाकरी मोडायला दोन हात लागतात. पायजम्याची नाडी, शर्टाची गुंडी, आंघोळीचा तांब्या, दाढी, सगळं अडतं. उजवा हात गेलेला असेल तर पंगतीत डाव्या हातानं जेवायची लाज वाटते, आणि मग तो लग्नाकार्याला जाणंच सोडतो. बायकोनं चारचौघांत त्याच्या ताटातली भाकरी कुस्करून द्यावी की त्याला त्याचं करू द्यावं, हा प्रश्न त्या दोघांचा असतो आणि बघणारे मात्र सगळे असतात.

सहीबद्दल सांगायला हवं. पाय कापायचा निर्णय अनेकदा काही तासांत घ्यावा लागतो, कारण विष अंगात पसरत असतं. रुग्ण तापात असतो, अर्धवट शुद्धीत असतो. कागद नातेवाइकापुढं येतो. बाप म्हणतो, थांबा, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. दीर म्हणतो, हैदराबादला नेऊ. आणि पोरगा किंवा बायको सही करते. जीव वाचतो. पण पुढं वर्षानुवर्षं, एखाद्या वाईट दिवशी, ‘तूच सही केलीस’ हे वाक्य त्या घरात उच्चारलं जाऊ शकतं. उच्चारलं गेलं नाही तरी सही करणाऱ्याच्या मनात ते असतंच. या सहीच्या आधी किंवा नंतर त्या माणसाशी पाच मिनिटं बोलणारं कुणी असावं असं मला फार वाटतं. ‘तुम्ही योग्य केलंत’ हे डॉक्टरच्या तोंडून, रुग्णाच्या समोर, एकदा स्पष्ट ऐकायला मिळालं तर त्या घराचं पुष्कळ ओझं कमी होईल.

कापलेल्या पायाचं काय करायचं, हाही प्रश्न काही घरांत विचारला जातो. 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे तो पिवळ्या पिशवीत जातो आणि जाळला किंवा खोल पुरला जातो. आपल्या माणसाच्या अंगाचा भाग असा जावा हे घरच्यांना सोसत नाही. त्यातून पुढं तो नसलेला पाय दुखू लागला की गावात कुणी ना कुणी म्हणतं, त्याला मूठमाती मिळाली नाही म्हणून दुखतो.

आणि नसलेला पाय खरोखर दुखतो. रात्री दोन वाजता माणूस जागा होतो आणि म्हणतो, अंगठ्यात कुणी सळई खुपसतंय, पोटरी खाजवून दे. पोटरी तर नाहीच. बायको घाबरते. डोक्यावर परिणाम झाला का, बाहेरचं काही लागलं का, असं तिच्या मनात येतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टरनं 1871 मध्ये या अनुभवाला नाव दिलं. मेंदूत त्या पायाची जागा शाबूत असते, एवढं साधं उत्तर त्या रात्री तिला ठाऊक असलं तरी ती त्याच्याशेजारी निर्धास्त बसू शकेल. तमिळनाडूत जन्मलेले मेंदूतज्ज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात आरशाचा उपाय शोधला. चांगल्या अवयवाचं प्रतिबिंब नसलेल्या अवयवाच्या जागी दिसेल असा आरसा ठेवायचा आणि चांगला अवयव हलवायचा. मेंदूला वाटतं, आखडलेलं बोट सुटलं. सगळ्यांना गुण येत नाही, पण काहींना येतो, आणि त्यासाठी लागतो तो कपाटाचा साधा आरसा. तोच आरसा शुगरच्या रुग्णाच्या उरलेल्या पायाचा तळवा रोज बघायलाही कामी येतो. हे रोजचं बघणं फार महत्त्वाचं आहे. सगळं लक्ष कापलेल्या पायाकडं लागलेलं असताना, सगळा भार सोसणारा दुसरा पाय टाचेपाशी चिरत असतो.

या भागाला अशा जखमांची सामुदायिक आठवण आहे ती 30 सप्टेंबर 1993 ची. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते, आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा परिसर भूकंपानं हादरला. माळवदाची घरं, जाडजूड दगडमातीच्या भिंती, वर लाकूड आणि मातीचा जड थर. जवळपास 8 हजार माणसं गेली, सुमारे 16 हजार जखमी झाली, 52 गावं भुईसपाट झाली. तासन्‌तास दगडाखाली चिरडलेल्या हातापायातलं मांस मरतं, त्याचं विष मूत्रपिंडापर्यंत जातं, आणि जीव वाचवायचा तर अवयव काढावा लागतो. लातूर आणि सोलापूरची रुग्णालयं जखमींनी भरून गेली होती. ‘पेशंटसोबत कोण आहे?’ या हाकेला अनेक खाटांपाशी उत्तरच नव्हतं. सोबत असायची ती माणसं ढिगाऱ्याखाली होती. बाहेरगावची लेक, दूरचा भाचा, कॉलेजची पोरं, संस्थांचे कार्यकर्ते, जे जवळ होते त्यांनी ते काम केलं.

नंतर जागतिक बँकेच्या मदतीनं गावं नव्या जागी वसली. सिमेंटची घरं आणि आखीव रुंद रस्ते आले. भूकंपाला टिकतील अशी घरं हवीच होती. पण जुन्या गल्लीत भावकीची घरं भिंतीला भिंत लागून होती आणि ‘जरा येता का, याला उठवायचंय’ म्हणून आतून हाक मारली तरी ऐकू जायची. नव्या वसाहतीत नात्यातली घरं पांगली. या पांगण्याबद्दल पुनर्वसनाच्या अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलं आहे. शुश्रूषा करणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर त्याचा अर्थ एवढाच, की जो भार पूर्वी चौघांत वाटला जायचा, तो एकटीवर आला.

आता जयपूर फूट. 1968 च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात रामचंद्र शर्मा या कारागिरानं आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला. 1975 मध्ये डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली आणि तो देशभर मोफत पोचवला. सेठींना 1981 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पाश्चात्त्य पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्यासाठी होता. हा पाय उकिडवं बसणाऱ्या, मांडी घालणाऱ्या, अनवाणी चिखलात उतरणाऱ्या माणसासाठी आहे. पाऊल रबराचं, वरची नळी पाण्याच्या एचडीपीई पाइपची, तापवून साच्यावर बसवलेली. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला यापेक्षा जवळची वस्तू नाही.

माझी तक्रार पायाबद्दल नाही, शिबिरांच्या पद्धतीबद्दल आहे. मांडव पडतो, मापं घेतली जातात, पाय वाटले जातात, फोटो निघतात. स्टंप मात्र पहिलं वर्षभर आटत असतो. स्टंप ज्यात बसतो ती आज घट्ट असलेली वाटी चार महिन्यांनी सैल होते, घासते, फोड येतो. आत जाड मोजा चढवायचा, तरी सैल असेल तर वाटी बदलून घ्यायची, फोड भरेपर्यंत पाय घालायचा नाही, हे कुणाला विचारायचं? मांडव तर उठलेला असतो. पुण्याला किंवा जयपूरला जायचं तर पुन्हा सोबत कुणीतरी हवं, म्हणजे त्या माणसाची मजुरी बुडाली. मग पाय खुंटीला जातो आणि लोक म्हणतात, ‘फुकट मिळालं त्याची किंमत नसते.’ हे ऐकलं की मला राग येतो.

घराची रचना तर कुणीच विचारात घेत नाही. उंच उंबरा, अंगणाच्या टोकाला संडास, तोही उकिडवं बसायचा. गुडघ्याखाली पाय गेलेला माणूस सरावानं बसू शकतो, मांडीतून गेलेल्याला ते जवळजवळ अशक्य. मध्ये भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची आणि भिंतीला ठोकलेला एक लोखंडी दांडा, एवढ्यानं एका माणसाची अब्रू राहते आणि दुसरीची कंबर वाचते. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा गावात रोजची आंघोळ, ड्रेसिंगचे कपडे आणि संडासला पाणी वाहणं हेही शुश्रूषेतच मोजायला हवं. माणूस रात्री झोपेत विसरून उठतो, नसलेल्या पायावर भार टाकतो आणि पडतो. पहिल्या महिन्यांत हे इतकं सर्रास होतं, की रात्री बारीक दिवा आणि हाताशी वॉकर ठेवणं हे औषधाइतकंच जरुरीचं आहे. चालायला शिकवताना सोबत्यानं कापलेल्या पायाच्या बाजूला, किंचित मागं राहायचं, कमरेला बांधलेलं उपरणं धरायचं, दंड धरून ओढायचं नाही.

हे सगळं करणारी बहुधा बाईच असते. 2024 च्या राष्ट्रीय वेळ वापर पाहणीत घरकाम करणाऱ्यांपैकी बाया त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात आणि पुरुष 88, असं दिसलं. त्यावर ही शुश्रूषा चढते. शेतातलं पुरुषाचं काम पडतं तेही तीच उचलते. बाईचा पाय गेला तर? बरेचदा माहेरची आई येते, नाहीतर शाळेतली मुलगी घरी बसते. नवरा-बायकोच्या अंथरुणाबद्दल तर कुणी विचारतच नाही. स्टंप दाखवायची त्याला लाज, दुखेल म्हणून हात लावायची तिला भीती, आणि खाटा वेगळ्या होतात त्या वेगळ्याच राहतात. डॉक्टर आपणहून एक वाक्य बोलले तरी पुष्कळ होईल, कारण ती दोघं हे कधीच विचारणार नाहीत.

सरकारच्या कागदावर ही बाई दिसते का? शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून निघू शकतो. शेतकऱ्याचा अवयव अपघातात गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून एका अवयवासाठी 1 लाख आणि दोनसाठी 2 लाख रुपये मिळतात. गँगरीननं गेलेला पाय अपघात धरला जात नाही. अर्ज 30 दिवसांत करायचा असतो, आणि नेमके तेच 30 दिवस अर्ज करणारं माणूस खाटेजवळ अडकलेलं असतं. एस.टी.त दिव्यांगाला 75 टक्के सवलत, आणि अपंगत्व 65 टक्क्यांहून जास्त असेल तर सोबत्याला 50 टक्के. रेल्वेतही सोबत्याला सवलत आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं तर काळजीवाहकाची व्याख्याच दिली आहे. मोबदला घेऊन किंवा न घेता काळजी घेणारे आईवडील आणि घरचे, सगळे तिच्यात येतात. म्हणजे ती तिकिटावर आहे, कायद्यात आहे. तिच्या हातात मात्र महिन्याकाठी काही पडत नाही.

केरळनं ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांच्या काळजीवाहकांना महिन्याला ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती तिच्या नावावर येते. ब्रिटनमध्ये असा भत्ता 1976 मध्ये सुरू झाला, तेव्हा विवाहित स्त्रियांना तो मिळत नसे. समजूत अशी, की त्या काय, घरीच असतात. जॅकलीन ड्रेक या बाईंनी आईच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडली होती. त्या भांडल्या, आणि 1986 मध्ये युरोपीय न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. ‘घरीच असते’ हा युक्तिवाद आपल्याकडं मोडून काढायला न्यायालयापर्यंतच जायला हवं असं नाही. महाराष्ट्रानं 2022 च्या डिसेंबरात दिव्यांगांसाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभाग काढला. त्या विभागानं आणि वैद्यकीय शिक्षण खात्यानं मिळून एवढं ठरवावं: अवयव कापलेल्या रुग्णाला सुट्टी देण्याआधी सोबतच्या माणसानं सिस्टरसमोर स्वतःच्या हातानं तीनदा पट्टी बांधून दाखवायची, रुग्णाला पालथं झोपवून दाखवायचं, वॉकरवर दहा पावलं चालवून दाखवायचं. सुट्टीच्या कार्डावर त्या माणसाचं नाव आणि फोन नंबर लिहायचा. दोन आठवड्यांनी, सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी वॉर्डातून त्या नंबरवर फोन करायचा. आणि त्या फोनवर पहिला प्रश्न तिच्या झोपेबद्दल आणि तिच्या कंबरेबद्दल विचारायचा, नंतर रुग्णाबद्दल.